पहूरचे ओस स्थानक

इतिहास म्हटला म्हणजे विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे किल्ले, लढाया आणि राजांच्या वंशावळी उभ्या राहतात. परंतु आपल्या जळगाव जिल्ह्यातच पाचोऱ्याहून जामनेरास जाणाऱ्या अरुंद लोहमार्गावर पहूर नावाचे एक लहानसे स्थानक आहे. त्याचा वृत्तांत क्रमिक पुस्तकात आढळावयाचा नाही. तथापि तो आपण जाणून घ्यावा इतक्या योग्यतेचा खास आहे.

आगगाडी खानदेशात आली ती 1860 नंतरच्या दशकात. त्याच सुमारास अमेरिकेत यादवी युद्ध (1861–1865) पेटले, तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांस मिळेनासा झाला आणि आपल्या काळ्या जमिनीतील कापसाला एकाएकी मोठे मोल आले. मुंबईहून भुसावळकडे जाणारा थोरला मार्ग पाचोऱ्यावरून गेला. पण शेंदुर्णी, पहूर, जामनेर ही कापसाची गावे आडबाजूसच राहिली. 1900 साली चाळीसगावाहून धुळ्यास फाटा निघाला. पुढे 1918-19 च्या सुमारास, हा मुलूख पूर्व खानदेश म्हणून ओळखला जात असता, पाचोरा ते जामनेर असा 56 किलोमीटरांचा मार्ग तयार झाला. थोरल्या मार्गाच्या दोन रुळांत साडेपाच फुटांचे अंतर असते. येथे ते अवघे अडीच फूट. रूळ हलके, पूल लहान, वळणे आखूड, म्हणून खर्च थोडा. उणीव एवढीच की, पाचोऱ्यास प्रत्येक गाठ एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवावी लागे.

अशी ही गाडी कापसासाठी आली. परंतु लवकरच ती माणसांची झाली. अजिंठ्याची लेणी पाहावयास निघालेले दूरदूरचे प्रवासी पहूरला उतरत आणि तेथून फर्दापूरची वाट धरीत. त्या काळी फर्दापूर निजामाच्या राज्यात होते. म्हणजे हे चिमुकले स्थानक एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाण्याचा जणू उंबरठाच होते. शेंदुर्णीच्या यात्रेचे भाविक, भाजीच्या पाट्या घेऊन निघालेल्या बायका, कचेरीच्या कामास जाणारे शेतकरी, शाळेस जाणारी मुले, सारी एकाच डब्यात दाटीवाटीने बसत. पुढे कापूस मोटारलॉऱ्यांनी नेला; माणसे मात्र गाडीतच राहिली.

मार्च 2020 मध्ये महामारीमुळे देशातील गाड्या थांबल्या, तेव्हा हीही थांबली. थोरल्या मार्गावरील गाड्या पुन्हा सुरू झाल्या. ही झाली नाही. त्यानंतर एकदा मी पहूरला गेलो होतो. तिकिटांची खिडकी बंद होती आणि रुळांत गवत माजले होते. एक वृद्ध गृहस्थ सावलीत बसले होते. “बाबा, येथे कसे बसलात?” असे मी विचारले. ते म्हणाले, “मास्तर, गाडी गेली, पण बसायची सवय गेली नाही.”

यावर कोणी म्हणेल, ‘हळू चालणाऱ्या गाडीबद्दल एवढा शोक कशाला? बस लवकर पोहोचते.’ हे म्हणणे खोटे नाही. 56 किलोमीटरांस दोन तासांच्या घरात वेळ घेणारी गाडी आजच्या काळात पुरी पडणार नाही. हा मार्ग रुंद करून बोदवडपर्यंत, एकंदर सुमारे 84 किलोमीटर, नेण्याची योजना मंजूर झाली, याचा मला आनंदच आहे. 1897 साली सुरू झालेली बार्शीची गाडीही अडीच फुटीच होती; तो मार्ग आज रुंद झाला आहे, आणि त्यामुळे कोणाचे नुकसान झाले असे मी म्हणणार नाही.

माझे म्हणणे निराळेच आहे. मार्ग रुंद झाला म्हणजे गाड्यांचा वेग वाढतो, आणि वेग वाढला म्हणजे लहान गावी थांबणे जड वाटू लागते. ज्याच्या घरी मोटारसायकल आहे त्याला याची झळ लागत नाही. ज्या मुलीला घरचे लोक एकटीने बसने पाठवीत नाहीत, पण गावच्या ओळखीच्या बायकांबरोबर गाडीने पाठवितात, तिची शाळा मात्र सुटते. म्हणून नव्या मार्गावर वेगाच्या गाड्या खुशाल धावोत. परंतु वरखेडी, शेंदुर्णी, पहूर अशा गावी थांबणारी, थोड्या भाड्याची एक तरी गाडी शाळेच्या वेळेस असलीच पाहिजे. ही मागणी पालकांनी आजच करावयास हवी. रूळ पडल्यावर ती करणे म्हणजे वरातीमागून घोडे होय.

आणि विद्यार्थ्यांनो, तुम्हांसही एक काम आहे. या सुट्टीत आपल्या आजीआजोबांजवळ बसा. ते या गाडीने कोठे जात, भाडे काय पडे, डब्यात कोण भेटे, हे विचारून वहीत टिपून ठेवा. स्थानकाची जुनी इमारत राहील की जाईल हे आपल्या हाती नाही. पण ती कोणासाठी उभी होती, हे सांगणारा कागद तरी आपल्या हातून व्हावा. पालकांच्या मागणीस त्या वह्यांहून मोठा पुरावा दुसरा कोणता?