हत्ती द्यायचा, पण कशासाठी?

सातारा-सांगलीच्या पट्ट्यात बुद्धिबळ नवे नाही. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकर आणि नूतन बुद्धिबळ मंडळ यांनी कित्येक मुलांना पटावर बसवले. महिला ग्रँडमास्टर स्वाती घाटे याच सांगलीच्या. आजची मुले डावपेच लवकर शिकतात, याचा आनंदच आहे. मात्र वजीर मारायला देऊन मात करण्याची त्यांची ओढ काळजीची वाटते.

ही ओढ कोड्यांतून येते. ‘पांढऱ्याची खेळी, तीन चालींत मात’ असे वर छापलेले असले की बलिदान दडलेले आहे, हे मुलाला आधीच कळते. खऱ्या डावात ते कोणीच सांगत नाही.

एच-७ च्या प्याद्यावर उंट टाकून कॅसलिंग केलेल्या राजाला बाहेर ओढण्याचे बलिदान सर्वांना ठाऊक असते. उंटाचे मोल तीन प्याद्यांचे, हाती येते एकच. उरलेले दोन हल्ल्यातून वसूल व्हायला हवेत. घोडा जी-५ वर शह देत येतो का? वजिराला एच-५ पर्यंत वाट आहे का? काळ्याचा घोडा एफ-६ वर राखणीला उभा नाही ना? एवढे जमले तरी राजा मागे न जाता जी-६ वर पुढे आला तर काय, हे पाहिल्याशिवाय उंटाला हात लावू नये.

याहून अवघड बलिदान शांत असते. १९५३ च्या झुरिच स्पर्धेत रेशेव्हस्कीविरुद्ध पेट्रोसियनने पंचविसाव्या चालीला हत्ती ई-६ वर नेला, उंटाने खुशाल मारावा असा. मात सोडाच, शहसुद्धा नव्हता. पण पांढऱ्याची मधली प्यादी अडली आणि काळ्याच्या घोड्याला डी-५ वर भक्कम ठाणे मिळाले. पुढे रेशेव्हस्कीलाही हत्ती देऊन उंट घ्यावा लागला. डाव बरोबरीत सुटला. पेट्रोसियनने मोहऱ्यांची किंमत पाहिली नाही, त्यांचे काम पाहिले.

सातारकरांना हा हिशेब कळावा. डिसेंबर १६९९ मध्ये औरंगजेबाने अजिंक्यताऱ्याला वेढा घातला. प्रयागजी प्रभूंनी गड एप्रिल १७०० पर्यंत लढवला आणि राजाराम महाराजांच्या निधनानंतर तो सोडावा लागला. गड गेला, पण बादशहाची फौज महिनोन् महिने एका डोंगराखाली अडकली आणि मराठ्यांच्या फिरत्या फौजा बाहेर मोकळ्या राहिल्या. काही वर्षांत गडही परत आला.

आमची प्रशिक्षकांना विनंती आहे: मुलांना बलिदान फसते अशीही कोडी द्या, आणि वर काही छापू नका. ‘इथे द्यायचे नाही’ असे कारणासह सांगणाऱ्या मुलाला मात शोधणाऱ्याइतकेच गुण द्या.