भेकाचें विष आणि आपला धोंडा

पर्जन्यकाळ लागला म्हणजे चिंचवड, आकुर्डी, भोसरी, चाकण या भागांत कारखान्यांच्या कुंपणापाशीं व रस्त्यांवरील दिव्यांखालीं खरबरीत अंगाचा, मंद चालीचा एक बेडूक किडे टिपीत बसलेला दिसतो. प्राणिशास्त्रज्ञ त्यास भेक म्हणतात. तो दृष्टीस पडतांच कित्येक मुलें धोंडा उचलतात, आणि वडील माणसेंही “तो विषारी आहे” असें म्हणून त्या कृत्यास संमति देतात. भेक विषारी आहे हें खरें. परंतु त्यावरून काढिलेला निष्कर्ष सर्वथा चुकीचा आहे, असें आमचें मत आहे.

प्रथम हें विष कोठें असतें तें पाहूं. भेकाच्या डोळ्यांमागें दोन्ही बाजूंस एकेक फुगीर, लांबट उंचवटा असतो. तो विषग्रंथींचा पुंजका होय. पाठीवरील फोडांतही अशाच लहान ग्रंथि असतात. कुत्र्यानें भेकास तोंडांत धरिलें कीं दाबानें या ग्रंथींतून दुधासारखा चिकट रस पाझरतो. कुत्र्याच्या तोंडास फेंस येतो व तो शिकार टाकून देतो. रस अधिक पोटांत गेल्यास हृदयाची गति बिघडते. कारण पेशींतील सोडियम बाहेर टाकणारी व पोटॅशियम आंत घेणारी जी यंत्रणा, तीच तो अडवितो. डिजिटॅलिस या हृदयरोगावरील औषधाची क्रियाही अशीच आहे.

आतां विचार करा. भेकास विषदंत नाहींत, नांगी नाहीं. दुसऱ्याच्या अंगांत विष घालणें त्यास साधत नाहीं. जो त्यास चावेल वा गिळील त्यासच तें बाधतें. साध्या बेडकास परमेश्वरानें लांब उडी दिली. ज्यास ती दिली नाहीं, त्यास ही ढाल दिली. ढाल घेऊन कोणी कोणावर स्वारी करीत नाहीं.

आईबाप म्हणतील, मुलांस अपाय झाला तर? भेकाच्या स्पर्शानें चामखीळ उठते ही समजूत खोटी आहे. चामखीळ विषाणूमुळें होते. रस डोळ्यांत गेल्यास मात्र आग होते. म्हणून भेकास हाताळूं नये, हात लागलाच तर साबणानें धुवावा, आणि त्याचें मांस वा अंडीं कधींही खाऊं नयेत. इतकी सावधगिरी पुरेशी आहे. त्यासाठीं त्याचा जीव घेण्याचें कारण नाहीं.

शिवाय तुच्छ वाटणाऱ्या वस्तूंत कोणते गुण दडले असतील, कोणीं सांगावें! १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स ही संस्था स्थापन झाली. तेथें मातींतील एका सूक्ष्म जंतूपासून हॅमायसीन हें बुरशीनाशक औषध मिळालें, आणि त्या जंतूस पिंपरीचेंच नांव लाभलें. १९८७ सालीं अमेरिकेंत मायकेल झॅसलॉफ यांस आफ्रिकेंतील एका बेडकाच्या कातडींत जंतुनाशक द्रव्य सांपडलें.

भेकाची ढाल कुत्र्यापुढें टिकते; मोटारीच्या चाकापुढें टिकत नाहीं, व गटारांतील रसायनांपुढें तर नाहींच. त्याची संतति पाण्यांत वाढते आणि त्याचें कातडें पाणी शोषून घेतें. पवना व इंद्रायणी या नद्यांत सांडपाणी सोडणारे आपण, आणि विषारी म्हणून धोंडा मात्र त्याच्यावर! त्याचें विष कोणास शोधीत जात नाहीं. आपलें विष नदीबरोबर गांवोगांव जातें.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या रक्षणापुरतेंच शस्त्र बाळगणाऱ्या दुर्बलास मारण्यांत पौरुष नाहीं. हातांतील धोंडा खालीं ठेवा, आणि आपल्या ओढ्याचें पाणी कोण नासवितो, तें वडिलांस विचारा.