पडली कोठे?

विटीदांडूचा डाव मोडतो तो बहुधा एकाच प्रश्नावर. विटी पडली कोठे? टोला मारणारा म्हणतो, त्या दगडापलीकडे. दुसरा पक्ष म्हणतो, दगडाअलीकडेच पडली, पुढे घरंगळत गेली. वकट, लेंड, मूंड असे दांड्याने मोजण्यास दोन्ही पक्षांची ना नसते. मोजण्याविषयी कोणाची तक्रारच नसते. तक्रार असते ती मोजणी कोणत्या जागेपासून धरावयाची याविषयी. जमिनीवर खूण राहिलेली नसते, विटी कोणीतरी उचललेली असते, आणि मग ज्याचा आवाज मोठा त्याची जागा खरी ठरते.

वाचकहो, हा तंटा केवळ आपल्या गल्लीतील पोरांचा आहे असे समजू नका. जे जे खेळ वस्तू पडलेल्या जागेवरून पुढे चालतात, त्या सर्वांना तो जडलेला आहे. दिल्लीतील बागांत सुट्टीच्या सकाळी प्लास्टिकची चकती एकमेकांकडे फेकणारी मुले आपण पाहिली असतील. त्याच चकतीचा एक शिस्तबद्ध खेळ अमेरिकेत वाढला. त्याला डिस्क गोल्फ म्हणतात. १९७६ साली एड हेड्रिक नावाच्या गृहस्थांनी त्याची व्यावसायिक संघटना स्थापन केली आणि आज अनेक देशांतील स्पर्धा तिच्याच नियमांनी खेळल्या जातात. गोल्फमधील खळग्याच्या जागी येथे साखळ्या लोंबणारी लोखंडी टोपली असते, चेंडूच्या जागी चकती. शक्य तितक्या कमी फेकींत चकती टोपलीत पोचवावयाची, आणि प्रत्येक फेक मागील चकती जेथे थांबली तेथूनच करावयाची, एवढा हा खेळ.

‘तेथूनच’ या शब्दाचा अर्थ लावण्यासाठी मात्र नियमकर्त्यांना बराच शब्दव्यय करावा लागला आहे. चकती थांबली की खेळाडूने एक तर ती तशीच ठेवून तिलाच खूण मानावे, किंवा एक लहान चकती टोपलीच्या बाजूने, सरळ रेषेत, मोठीस टेकवून ठेवावी आणि मग मोठी उचलावी. या खुणेच्या मागे २० सेंटिमीटर रुंद व ३० सेंटिमीटर लांब असा एक अदृश्य चौकोन धरला जातो. फेकताना खेळाडूचा एक पाय तरी त्या चौकोनात टेकलेला असला पाहिजे, व खुणेच्या पुढे काही टेकता कामा नये. चकती जमिनीपासून थोड्या उंचीवर झुडपात अडकली, तर तिच्या बरोबर खालची जमीन ही तिची जागा. लहान चकती एकदा ठेवली की फेक होईपर्यंत ती हलवावयाची नाही. खूण करण्यात पहिली चूक झाल्यास ताकीद मिळते. त्याच फेरीत पुन्हा झाल्यास एका फेकीचा दंड.

आता असे समजा की, चकती बाभळीच्या झुडपाशी पडली आहे. खूण नियमाप्रमाणे ठेवली तर समोर फांदी येते. वीतभर उजवीकडे ठेवली तर टोपली स्वच्छ दिसते. खेळाडू वाकतो, पाठ इतरांकडे असते, लहान चकती ठेवतो, मोठी उचलतो. पलीकडे उभा असलेला सोबती म्हणतो, खूण सरकली. खेळाडू म्हणतो, मुळीच नाही. मोठी चकती तर आता हातात आहे! येथे शिट्टी घेऊन उभा असलेला पंच सहसा नसतो. गटातील खेळाडूंनीच आपसांत निर्णय करावा, आणि बहुमत होत नसेल तर फेकणाऱ्याला सोयीचा अर्थ घ्यावा, असे नियम सांगतो. ज्याच्याशी स्पर्धा आहे त्याच्याच शब्दावर हा खेळ उभा आहे. मला हे धाडस वाटते, परंतु ते वेडे धाडस वाटत नाही.

हे धाडस मूळचे गोल्फचे. चेंडू कोठे पडला हे पाहण्यासाठी आपल्याकडील जुन्या गोल्फ मैदानांवर एक स्वतंत्र माणूसच पुढे उभा केला जात असे. त्याचे नाव आगेवाला. साहेबाने फटका मारावा आणि याने दूरवर डोळे लावून चेंडूची जागा हेरून ठेवावी; त्याच्या नजरेवर फटक्याचे मोल ठरे. लोदी बागेपासून फार दूर नसलेल्या दिल्ली गोल्फ क्लबाच्या मैदानात जुन्या घुमटांच्या भोवती किकरीची दाट झाडी आहे, तीत शिरलेला चेंडू सहज दृष्टीस पडत नाही. याच मैदानावर १९९१ साली अली शेर यांनी इंडियन ओपन ही स्पर्धा जिंकली. व्यावसायिक गोल्फपटूंपैकी ती जिंकणारे ते पहिले भारतीय. इतरांच्या काठ्यांची पिशवी वाहता वाहता ते खेळ शिकले होते. चेंडू नेमका कोठे पडला हे ओळखण्याची विद्या अशा माणसाला कोणत्या पुस्तकातून शिकावी लागली नसणार.

मात्र हिरवळीवर पोचल्यानंतर गोल्फचा चेंडू उचलताना खूण करतो तो स्वतः खेळाडू. चेंडूमागे एक लहानसे नाणे ठेवावयाचे, चेंडू पुसून पुन्हा तेथेच ठेवावयाचा. १ एप्रिल २०१७ रोजी अमेरिकेच्या लेक्सी थॉम्पसन यांनी एका मोठ्या स्पर्धेत चेंडू असा ठेवला की, तो मूळ जागेपासून सुमारे इंचभर ढळला. सोबत खेळणाऱ्या कोणाच्याही ते ध्यानात आले नाही. दूरचित्रवाणीवर पाहणाऱ्या एका प्रेक्षकाच्या ध्यानात आले. त्याने पत्र धाडले, आणि दुसऱ्या दिवशी अखेरच्या फेरीत आघाडीवर असलेल्या थॉम्पसन यांना चार फटक्यांचा दंड झाला. दोन चुकीच्या जागेवरून खेळल्याबद्दल, दोन त्यामुळे चुकीचे गुणपत्रक सादर केल्याबद्दल. पुढे बरोबरी होऊन जादा डावात त्या हरल्या. या प्रकरणावर इतका गदारोळ झाला की, घरबसल्या प्रेक्षकांच्या तक्रारी घेणे १ जानेवारी २०१८ पासून बंद झाले, आणि खेळाडूने परिस्थितीनुसार शक्य तितक्या प्रामाणिकपणे अंदाज केला असेल तर नंतर चित्रफितीने तो चुकीचा ठरला तरी दंड करू नये, असे तत्त्व नियमांत आले. इंचाचा हिशोब यंत्राने करावा व माणसाला डोळ्याने खेळावयास सांगावे, यातील विसंगती उशिरा का होईना दिसली.

आपल्यापैकी कोणी म्हणेल, खूण खेळाडूवर सोपवूच नये. पंचांनी करावी म्हणजे वाद मिटेल. मैदानी खेळांत तसेच असते. भाला पडताच पंच धावत जातो, भाल्याचे टोक जमिनीला प्रथम जेथे लागले ती खूण शोधतो आणि तेथून फेकरेषेच्या कमानीपर्यंतचे अंतर मोजले जाते. मोठ्या स्पर्धांत हे अंतर आता प्रकाशकिरणांच्या साहाय्याने सेंटिमीटरपर्यंत अचूक कळते. पण किरण परतविणारा काचेचा लोलक त्या खुणेवर टेकविण्याचे काम माणसालाच करावे लागते. खूणच हरवली तर यंत्र कशाचे अंतर सांगणार?

हे आपल्याच एका मुलाच्या वाट्याला आले. राजधानी प्रदेशात मोडणाऱ्या पानिपत जिल्ह्यातील खांद्रा हे नीरज चोप्राचे गाव. भाला त्याने प्रथम हाती घेतला तो पानिपत शहरातील शिवाजी स्टेडियममध्ये. (पानिपत म्हटले की आपल्या मनात जे येते त्याच्याशेजारी हे नावही असू द्यावे.) ऑलिंपिक व जागतिक विजेता म्हणून तो ४ ऑक्टोबर २०२३ रोजी चीनमधील हांगझोऊ येथे एशियाई खेळांत उतरला. पहिलीच फेक उत्तम गेली, असे पाहणाऱ्यांना वाटले. परंतु अंतर काही जाहीर होईना. मोजणी होण्यापूर्वीच पुढील खेळाडूने भाला फेकला होता आणि गडबडीत नीरजच्या भाल्याची खूण हरवली होती. पंच गवतावर वाकून शोधत राहिले, नीरज ताटकळत उभा राहिला. अखेर त्याला ती फेक पुन्हा करावयास सांगण्यात आले.

नियमाने पाहता यात गैर काही नाही. खेळाडूचा दोष नसताना नोंद होऊ शकली नाही, तर बदली संधी द्यावी असे नियमच म्हणतो. डिस्क गोल्फमध्ये थांबलेली चकती कोणाच्या धक्क्याने हलली, तर सर्वांच्या मते अंदाजे जी जागा असेल तेथे ती परत ठेवतात आणि खेळ पुढे चालतो. भालाफेकीत असा अंदाज चालत नाही, कारण तेथे सेंटिमीटरवर पदक फिरते. तरीही बदली फेक ही पहिल्या फेकीची भरपाई होत नाही. अंग थंडावलेले असते, मन त्या न मोजलेल्या भाल्यापाशी अडकलेले असते. भारतीय पथकात त्या दिवशी संशयाचे सूर निघाले. मला तेथे हेतूपेक्षा घाई अधिक दिसते, आणि ती घाई खेळाडूची नव्हती हे निश्चित.

त्याच सायंकाळी ओडिशाच्या किशोर जेनाची दुसरी फेकही लाल निशाण दाखवून बाद करण्यात आली. स्वतःच्या फेकीचे दुःख बाजूस सारून नीरजने त्याला आक्षेप घ्यावयास लावले. पंचांनी पुन्हा पाहिले आणि ७९.७६ मीटरची ती फेक ग्राह्य ठरली. तिने पदक ठरले नाही. तिसऱ्या फेरीत जेनाने ८६.७७ मीटर फेकून प्रत्यक्ष नीरजलाच मागे टाकले आणि चौथ्या फेरीत ८७.५४ गाठले. त्याच फेरीत नीरजने ८८.८८ मीटर फेकून सुवर्णपदक पक्के केले. जेनाला रौप्य मिळाले आणि त्या अंतराने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकचे दार त्याच्यासाठी उघडले.

नीरजच्या नावापुढे पहिल्या फेकीचे म्हणून त्या दिवशीच्या पत्रकात ८२.३८ मीटर असा आकडा आहे. तो बदली फेकीचा. त्यापूर्वीची फेक किती लांब गेली होती, हे त्या गवतालाच ठाऊक.