तीन रकाने आणि एक बेरीज

गेल्या सेमिस्टरला हॉस्टेलवर वाटलेला तो एकवीस प्रश्नांचा फॉर्म आठवतोय? मेसच्या रांगेत, पुढच्याच्या पाठीवर कागद ठेवून भरलेला? त्याचं नाव डास-२१. (नाव ऐकून काहींना वाटलं, आता रूममध्ये धूर मारायला माणसं येणार!) ऑस्ट्रेलियातल्या लव्हिबाँड नावाच्या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९५ साली ही प्रश्नावली मांडली. नैराश्य, चिंता आणि ताण असे तीन रकाने, प्रत्येकात सात प्रश्न, प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन गुण. सातांची बेरीज करायची आणि दुप्पट करायची. प्रत्येक रकान्यात 'तीव्र' कधी म्हणायचं याच्या रेषा ठरलेल्या आहेत: नैराश्याला २१, चिंतेला १५, ताणाला २६.

आपल्याकडे काय झालं? ज्याचा रकाना रेषेच्या वर गेला त्याला बोलावणं आलं. बाकीचे सुटले.

आता हे गणित बघा. एका मुलाला ताणात २८, बाकी दोन्हींत ४-४. एकूण ३६. त्याला बोलावलं. दुसऱ्याला नैराश्यात २०, चिंतेत १४, ताणात २४. एकूण ५८! पण तिन्ही रेषांच्या एकेक पायरी खाली, म्हणून त्याला कुणी विचारलंही नाही. ही दोन मुलं मी उदाहरणासाठी बनवली आहेत, पण असा दुसरा मुलगा प्रत्येक विंगमध्ये असू शकतो. सगळ्यांत थोडं थोडं बिनसलेलं, कशातच 'तीव्र' नाही.

माझा मुद्दा असा की तीन रकान्यांत माणूस वाटण्याआधी ते तीन रकाने खरोखर तीन आहेत का, हे तपासायला हवं. आणि ते तपासायची रीत आहे. तिचं नाव बायफॅक्टर मॉडेल.

नावाने घाबरू नका. मी गोराईची, तेव्हा खाडीतलंच उदाहरण देते. जेट्टीजवळ एकवीस होड्या बांधल्यात असं समजा. भरती आली की सगळ्या वर येतात, ओहोटीला सगळ्या खाली. हा झाला सामाईक घटक. लाँच गेली की तिच्या लाटेने एका रांगेतल्या सात होड्या एकत्र डुलतात, तो त्या रांगेचा खास घटक. आणि एखादी होडी तळाला गळते म्हणून ती एकटीच खचते, तो तिचा तिचा प्रश्न. बायफॅक्टर मॉडेल भरती आणि रांगेचं डुलणं वेगवेगळं मोजतं. भरती वजा केल्यावर रांगेत फारसं काही उरत नसेल, तर तीन रांगांचे तीन आकडे म्हणजे एकच भरती तीनदा सांगणं झालं.

ही कल्पना नवी नाही. होल्झिंगर आणि स्वाइनफर्ड यांनी ती १९३७ साली मांडली. मग ती बरीच मागे पडली आणि २०१२ मध्ये स्टीव्हन राइस यांनी तिच्या पुनःशोधावर लेख लिहिला. आपल्यातले जे 'आर' वापरतात त्यांनी 'लावान' पॅकेज उघडलं असेल तर या दोघांची नावं पाहिलीच असतील, शिकागोच्या शाळकरी मुलांचा त्यांचा डेटा तिथे नमुना म्हणून ठेवला आहे.

आपण मात्र अजून क्रॉनबाखच्या अल्फावर (१९५१) खूष असतो. अल्फा ०.८५ आला की प्रश्नावली 'व्हॅलिड', प्रोजेक्ट रिपोर्ट बाइंडिंगला! पण समजा त्या ०.८५ मधले ०.६५ भरतीचे आणि ०.२० रांगेचे असले तर? अल्फा हे सांगत नाही. ते सांगायला ओमेगा हायरार्किकल नावाचा आकडा काढावा लागतो.

डास-२१ बद्दल हे काम झालेलं आहे. हेन्री आणि क्रॉफर्ड यांनी २००५ मध्ये ब्रिटनमधल्या १,७९४ प्रौढांवर ते केलं. एक सामाईक 'त्रास' आणि वर तीन खास घटक, हेच मॉडेल सर्वांत बरं बसलं. म्हणजे रकाने अगदीच खोटे नाहीत. पण पुढच्या बऱ्याच अभ्यासांत मोठा वाटा सामाईक घटकाचाच निघाला. मग आपण एकूण बेरीज बघतच नाही, हे कसं चालेल?

उलट बाजूही सांगते, नाहीतर स्टॅटिस्टिक्सच्या मॅडम मला पकडतील. बायफॅक्टर मॉडेल फार लवचीक आहे, कुठल्याही डेटावर बरं बसतं. बोनिफे आणि काय यांनी २०१७ मध्ये हेच दाखवून दिलं. म्हणून नुसतं 'फिट चांगला आला' म्हणून नाचायचं नाही.

आणि भाषेचं काय? त्या फॉर्ममध्ये 'वाइंड डाउन' होणं जमतं का, असं विचारलं होतं. मी कॉन्व्हेंटची, मला कळलं. माझ्या लातूरच्या रूममेटने विचारलं, "म्हणजे काय गं, वारा पडणं?" तिने अंदाजाने दोन गुण दिले! शब्दांची रचनासुद्धा खोटे घटक तयार करते. बारा प्रश्नांच्या जी-एच-क्यू मध्ये निम्मे प्रश्न होकारार्थी, निम्मे नकारार्थी. त्यातून लोकांना दोन-तीन 'घटक' सापडत होते. हँकिन्स यांनी २००८ मध्ये दाखवलं की ती बरीचशी वाक्यांच्या नकाराची करामत असावी.

आपल्या शेजारी गोव्यात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी सरळ पाच प्रश्नावल्या दवाखान्यात आलेल्या लोकांवर एकमेकींशी ताडून पाहिल्या, जी-एच-क्यू त्यातलीच एक. तो लेखही २००८ चा. बाहेरून आलेली रेषा तशीच न उचलता आपल्या माणसांवर तपासली. गोव्याला जमतं ते आपल्याला का नाही?

कौन्सेलर मॅडम एकट्या आहेत आणि आपण शेकड्यांनी, हे मला कळतं. त्यांच्यावर राग नाहीच. पण बोलावण्याची यादी एकूण बेरजेवरून करायला जास्त वेळ लागत नाही. नावं काढून डेटा दिलात तर मॉडेल चालवायला आमच्या वर्गातले चार जण आजही तयार आहेत. (आणि ज्याला आत्ताच बोलावंसं वाटतंय त्याने कुठल्या फॉर्मची वाट बघू नये, टेली-मानसचा १४४१६ नंबर फुकट आहे.)

रेक्टर सरांनी पुढच्या सेमिस्टरला फॉर्म पुन्हा येणार असं सांगितलंय. त्याआधी मराठी प्रत करून दहा-बारा जणांना मोठ्याने वाचून दाखवायची, कोण कुठे अडतं ते लिहून घ्यायचं. मेसमधली एक संध्याकाळ पुरेल. मी लातूरवालीला घेऊन येते.