मुदपाकखान्यांतील उपासना

‘कर्म हीच पूजा’ असें ज्यांच्या तोंडीं वारंवार येतें, त्यांच्या हातीं बहुधा केरसुणी नसते. म्हणून ह्या विषयावर लिहितांना आम्हीं कोणी वक्ता न निवडतां एक आचारी निवडला आहे. हा आचारी फ्रेंच होता, ख्रिस्ती होता, आणि हें विशेष लक्षांत ठेवावें कीं, त्याला स्वयंपाकघरांतील कामाचा मनापासून तिटकारा होता.

त्याचें मूळ नांव निकोला हेर्मां. जन्म लॉरेन प्रांतीं, इ. स. १६१४ च्या सुमारास. तरुणपणीं तो शिपाई झाला आणि लढाईंत जखम होऊन एका पायानें अधू झाला. पुढें एका गृहस्थाच्या पदरीं राहिला, तेथें त्याच्या हातून सारखें कांहींना कांहीं फुटावयाचें. १६४० सालीं पॅरिसच्या कार्मेलपंथी मठांत तो शिरला, तो धर्मगुरु म्हणून नव्हे, तर कामकरी बंधु म्हणून. नांव मिळालें ‘ब्रदर लॉरेन्स’ आणि काम मिळालें मुदपाकखान्याचें. तेथें त्यानें सुमारें १५ वर्षें काढलीं. १६९१ सालीं तो वारल्यानंतर त्याचीं संभाषणें व पत्रें बोफोर नांवाच्या धर्मगुरूनें छापविलीं, म्हणून तो आपणांस ठाऊक आहे.

त्याची साधना अगदीं साधी होती. काम हातीं घेण्यापूर्वीं देवाशीं दोन शब्द बोलावयाचे. काम चालू असतांना तें बोलणें मोडूं द्यावयाचें नाहीं. नीट झालें तर आभार, चुकलें तर क्षमायाचना, आणि मग हळहळत न बसतां पुढच्या कामाला लागावयाचें. तव्यावरचें अंडें उलथावयाचें तेंही ईश्वरप्रीत्यर्थ! (सोंवळ्यांतील वाचकांनीं अंड्याच्या जागीं धिरडें समजावें, अर्थ बिघडत नाहीं.) चार जण एकदम चार वस्तू मागत असतांनाचा गलबला आणि वेदीपुढें गुडघे टेकल्यावरची शांतता ह्यांत त्याला भेद वाटेनासा झाला. एकदां त्याला मद्य खरेदीसाठीं बर्गंडीस धाडलें. व्यवहारांत गति नाहीं, पाय लंगडा. नौकेंत पिंपांवरून लोळत लोळत तो इकडून तिकडे जाई. ‘देवा, हें काम तुझें आहे’ एवढें सांगून तो निश्चिंत असे.

जनाबाईचें दळण येथें वाचकांस आठवेल. परंतु जनीच्या कथेंत विठ्ठल स्वतः जात्याला हात लावतो. लॉरेन्सच्या मदतीला कोणी आलें नाहीं. भांडीं तितकींच राहिलीं, धूरही तितकाच. काम आवडूं लागलें म्हणून तो आनंदी झाला असें नव्हे. आनंदाचा झरा अन्यत्र होता, म्हणून नावडतें कामही त्याला सोपें गेलें. आम्हांस त्याची थोरवी वाटते ती येथें.

मात्र ह्या शिकवणुकीचा दुरुपयोग फार सोपा आहे. धनी नोकराला, सासू सुनेला, पति पत्नीला ‘हें देवाचेंच काम’ म्हणून सांगतो आणि आपण लोडाला टेकून बसतो! लॉरेन्स बोलला तो स्वतःच्या हातांतल्या कामाविषयीं. सहाव्या शतकांतील संत बेनेडिक्टनें तर ह्यावर तोडगाच काढून ठेवला होता. मठाचीं सर्व भांडींकुंडीं वेदीवरील पवित्र पात्रांप्रमाणें मानावींत असें त्याची नियमावली सांगते. आणि तीच नियमावली सांगते कीं, स्वयंपाकाची पाळी बंधूंनीं आठवड्याआठवड्यानें घ्यावी, आजारी किंवा महत्त्वाच्या कामांत गुंतलेला नसेल त्यानें ती चुकवूं नये. पाळी संपविणाऱ्यानें पंचे धुवावे, आणि पाळी सुरू करणाऱ्यासह सर्वांचे पाय धुवावे.

मार्टिन लूथर ह्याच्याही पुढें गेला. १५२२ सालीं, म्हणजे स्वतःच्या लग्नाच्या तीन वर्षें आधीं, विवाहावर लिहितांना त्यानें म्हटलें आहे कीं, बाप श्रद्धेनें तान्ह्याचीं दुपटीं धुऊं लागला तर लोक त्याला हंसतील. पण देवही सर्व देवदूतांसह हंसेल, आणि तें हंसणें कौतुकाचें असेल. आमच्या वाचकबंधूंपैकीं कितींनीं देवाला अशी संधि दिली आहे, तें त्यांच्या गृहिणींनीं आम्हांस अवश्य कळवावें.