पाणकावळा आणि झोळीवाला

मराठीच्या वर्गात वीस वर्षे मी 'पाणकावळा' हा शब्द निर्धास्तपणे वापरत आलो. पक्षी नीट पाहिला तो मात्र गेल्या पौषात, भरतपूरच्या केवलादेव उद्यानात. कावळ्याशी त्याचे नाते रंगापुरतेच!

पाण्यातल्या बाभळीवर दोन्ही पंख पसरून तो बसला होता. "अहो, नाटकातला कपटी प्रधानच जणू," आमच्या सौ. म्हणाल्या. सायकलरिक्षावाले सरदारजी हसले. "कपड़े सुखा रहा है, बहनजी."

बदकाच्या पाठीवर पाणी ठरत नाही; याच्या पिसांचा बाहेरचा भाग मात्र चक्क भिजतो. विधात्याची हयगय, असे मी मनात म्हटले. पण भिजल्यानेच अंग जड होते आणि बुडी साधते. पाण्याखाली मासा गाठणाऱ्याला तरंगते अंग काय कामाचे?

झोळीवाल्याचे सारेच उलट. त्याच्या कातडीखाली हवेच्या पिशव्या; बुडू म्हटले तरी बुडवत नाही. म्हणून तो चौघांना घेऊन येतो. अर्धवर्तुळ करून मासे उथळात रेटायचे, चोची एकदम बुडवायच्या, मग चोच छातीशी टेकवून झोळीतले पाणी गाळायचे आणि मासा गिळायचा. आम्ही अकरा मोजले. सौ. बारा म्हणतात.

"पाणी आहे म्हणून हे आहेत," सरदारजी हिंदीत सांगू लागले. इथली तळी बांधबंदिस्ती करून, अजान बांधातून पाणी सोडून भरतात. ते येई गंभीर नदीचे. तिच्यावर वर करौलीकडे पांचना धरण झाले, आणि 2004 च्या सुमारास तिथल्या शेतकऱ्यांनी पाणी खाली सोडू दिले नाही. तळी भेगाळली. पुढे गोवर्धनकडून नळाने पाणी आले, पण मधली वर्षे सरदारजींनी स्टेशनावर पोती वाहिली. "पंछी नहीं, तो सवारी नहीं."

सौ. त्या शेतकऱ्यांवर संतापल्या. मला काही बोलवेना. मी सोलापूरकडचा. उजनी धरणात एका चुलत्यांची जमीन गेली, दुसऱ्या चुलत्यांचा ऊस त्याच पाण्यावर उभा आहे. दिवाळीच्या फराळाला दोघे एका पंगतीला बसतात, पण पाण्याचा विषय निघाला की काकू मध्ये चिवड्याचे ताट सरकवतात.

परतताना ऊन कलले होते. पाणकावळा अजून तसाच बसलेला. सरदारजींनी न सांगता रिक्षा थांबवली.