भिंत नव्हे, उंची

१२ नोव्हेंबर १९७० च्या रात्री चक्रीवादळाबरोबर आजच्या बांगलादेशातल्या भोला बेटावर आणि मेघना नदीच्या मुखाशी वसलेल्या गावांवर समुद्र चढून आला. त्यानंतर आल्फ्रेड सोमर आणि वायली मोस्ले या दोन डॉक्टरांनी त्या मुलखात पाहणी केली. वाचलेल्या अनेकांच्या छातीवर, हातांवर आणि मांड्यांवर त्यांना एकसारख्या जखमा दिसल्या. कातडी सोलून निघालेली होती. रात्रभर झाडाला मिठी मारून राहिल्याच्या त्या खुणा होत्या. झाड धरून ठेवण्याचे बळ ज्यांच्या अंगात होते ते वाचले. लहान मुले, म्हातारी माणसे आणि बायका फार मोठ्या संख्येने गेल्या. मृतांचे बहुतेक अंदाज तीन ते पाच लाखांच्या घरात आहेत.

त्या रात्री त्या सपाट मुलखात पाण्यापेक्षा उंच म्हणावे असे झाडाशिवाय काहीच नव्हते. माझे सगळे म्हणणे या एका गोष्टीवर उभे आहे. उथळ समुद्राच्या काठी माणूस पाण्यामुळे मरतो हे खरे, पण तो मरतो उंचीवाचून. वादाला इथूनच तोंड फुटते, कारण याच्या उलट सांगणारी तीन मते आपल्याकडे ठाण मांडून बसली आहेत.

त्याआधी पाणी चढते कसे ते पाहू. वादळी उधाण म्हणजे एखादी प्रचंड लाट, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात समुद्राची पातळीच वर येते, काही तास वर राहते, आणि लाटा त्या चढलेल्या पाण्यावरून येतात. वादळाच्या मध्याशी हवेचा दाब उतरतो. दाब एक हेक्टोपास्कलने उतरला की पाणी सुमारे एक सेंटिमीटर फुगते. म्हणजे शंभराने उतरला तरी वाढ एक मीटरच. मोठ्या उधाणातले उरलेले चार-पाच मीटर पाणी वारा आणतो. खोल समुद्रात वाऱ्याने रेटलेले पाणी खालून मागे फिरते. उथळ समुद्रात खाली तेवढी जागाच नसते, म्हणून ते किनाऱ्याशी साचत जाते. बंगालच्या उपसागराचे उत्तरेचे टोक असेच उथळ आहे. शिवाय दोन्ही बाजूंचे किनारे तिथे जवळ येत जातात आणि भरतीही मोठी असते. वाऱ्याचा रेटा आणि भरती एका वेळी आली, तर काय होते ते १९७० साली दिसले. बंगालीत या चढत्या पाण्याला जलोच्छ्वास म्हणतात.

आता पहिला पूर्वपक्ष. “हा निसर्गाचा कोप आहे, माणसाच्या हातात काही नाही.” वादळ थांबवणे आपल्या हातात नाही, हे मान्य. पण मरणाचा आकडाही हातात नाही, हे मुळीच मान्य नाही. २९ एप्रिल १९९१ रोजी चितगावच्या किनाऱ्यावर सुमारे सहा मीटरांचे उधाण आले आणि १ लाख ३८ हजारांच्या आसपास माणसे मेली. २००७ च्या नोव्हेंबरात त्याच बांगलादेशावर सिद्र हे चक्रीवादळ आदळले. तेही महाभयंकर वादळ होते, पण मृतांची संख्या साडेतीन हजारांच्या आसपास राहिली. ओडिशात ऑक्टोबर १९९९ च्या चक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे गेली. २०१३ साली तिथेच गोपाळपूरजवळ फायलिन वादळ आले तेव्हा दहा लाखांच्या आसपास लोकांना आधी हलवले होते. त्या वेळी पन्नासही माणसे गेली नाहीत.

यावर कोणी म्हणेल, दोन वादळे कधीच सारखी नसतात. वाट वेगळी, भरतीची वेळ वेगळी. हा आक्षेप रास्त आहे. म्हणून एकाच वादळाचा पुरावा घेऊ. १९९१ च्या वादळानंतर ४५ वस्त्यांमधल्या ११२३ माणसांची पाहणी झाली. पक्क्या विटांच्या किंवा काँक्रीटच्या इमारतीत जे पोहोचू शकले नाहीत, त्यांच्यातले सुमारे २२ टक्के मेले. जे पोहोचले, त्यांच्यातला एकही मेला नाही. वादळ तेच आणि पाणीही तेच. फरक होता तो पायाखालच्या जागेचा. ज्याला निसर्गाचा कोप म्हणायचे आहे त्याने या पाहणीतले ते शून्य आधी समजावून सांगावे.

दुसरा पूर्वपक्ष अधिक भारदस्त आहे. “हॉलंडकडे पाहा. समुद्राला भिंत घाला.” ३१ जानेवारी १९५३ च्या रात्री उत्तर समुद्राचे पाणी, तोही उथळच समुद्र, नेदरलँड्सचे बांध फोडून आत शिरले आणि १८३६ माणसे बुडाली. त्या राष्ट्राने धडा घेतला, डेल्टा योजना आखली, खाड्यांची तोंडे बांधली आणि पिढ्या सुरक्षित केल्या. त्या कामाबद्दल मला आदरच आहे. पण ते उचलून गंगा-ब्रह्मपुत्रेच्या मुखाशी ठेवता येत नाही, आणि हा प्रयोग एकदा होऊन गेला आहे. १९६० च्या दशकापासून आजच्या बांगलादेशच्या किनाऱ्यावर शंभराहून अधिक भूभाग मातीच्या बांधांनी वेढले गेले. रोजची भरती थांबली, भात पिकले, लोक निर्धास्त झाले. मात्र भरतीबरोबर येणारा गाळही थांबला. या नद्या वर्षाला सुमारे शंभर कोटी टन गाळ आणतात; त्याच गाळाने ही भूमी घडली आहे आणि त्याच्याच जोरावर ती खचत असतानाही वर राहते. बांधाआडची जमीन खचत राहिली, तिला भर मात्र मिळाली नाही. मे २००९ मध्ये आयला चक्रीवादळ आले आणि ३२ क्रमांकाच्या बांधबंद भागाचा बांध फुटला, तेव्हा आतली जमीन बाहेरच्यापेक्षा एक ते दीड मीटर खाली गेलेली आढळली. पाणी आत आले ते सुमारे दोन वर्षे भरती-ओहोटीबरोबर आत-बाहेर करीत राहिले.

भिंतीचा खरा दोष हा आहे. ती रोजचे पाणी अडवते आणि त्या बदल्यात मोठ्या पाण्यासाठी खड्डा खणून ठेवते. शिवाय भिंतीआड राहणाऱ्याला वाटते आपण सुरक्षित आहोत, आणि तो भिंतीच्या भरवशावर आणखी खाली, आणखी जवळ घर बांधतो. नेदरलँड्सनेसुद्धा पूर्व शेल्डच्या खाडीवर १९८६ साली पुरा केलेला बांध बंदिस्त ठेवला नाही. एरवी उघडी राहणारी आणि वादळात मिटणारी दारे बसवली, कारण भरती अडवली तर खाडी मरते हे त्यांना उमगले होते. ज्यांचा दाखला आपण देतो, त्यांचे हे दुसरे पाऊल आपण वाचतच नाही.

तिसरा पूर्वपक्ष मला सर्वांत जास्त टोचतो. “सूचना देतो, पण लोक ऐकत नाहीत.” १९७० सालीही रेडिओवर सूचना गेली होती. पण ऐकून जायचे कुठे? आसरा नव्हता. गोठ्यातली म्हैस ही वर्षाची कमाई; ती सोडून कोण जाईल? १९९१ च्या त्याच पाहणीत चाळिशीपुढच्या बायकांचे मृत्यूचे प्रमाण ३१ टक्के निघाले. जिथे परक्या पुरुषांच्या गर्दीत एकाच खोलीत रात्र काढायची, आडोसा नाही, शौचालय नाही, तिथे पाणी उंबऱ्याला लागेपर्यंत बाई घर सोडत नाही. तिला अडाणी म्हणणाऱ्याने आपल्या आईला तिथे उभे करून पाहावे. लोक ऐकत नाहीत असे नाही. आपण त्यांना अर्धेच वाक्य सांगतो: “निघा.” कुठे, कशाने, कोणाबरोबर, गुरांचे काय, हे सांगतच नाही.

आता मंडन. माझी बाजू अशी की किनाऱ्यावरच्या पैशाचा आणि अकलेचा पहिला वाटा भिंतीला नव्हे, उंचीला मिळावा. चालत जाता येईल इतक्या अंतरावर, खांबांवर उभी, पक्की इमारत. एरवी तीच शाळा, म्हणजे ती रोज उघडते, रोज झाडली जाते, मुलांच्या पायांना तिची वाट पाठ होते. शेजारी गुरांसाठी मातीचा उंच चौथरा. १९७० नंतर बांगलादेशात असे चौथरे उभारले गेले आणि लोक त्यांना किल्ला म्हणू लागले. बायकांसाठी वेगळी खोली, वेगळे शौचालय. आणि निरोप घेऊन येणारा माणूस ओळखीचा. १९७२ पासून उभ्या राहिलेल्या तिथल्या वादळ-सज्जता कार्यक्रमात आज सत्तर हजारांवर स्वयंसेवक आहेत आणि त्यांत निम्म्याच्या आसपास बायका आहेत. धोका वाढेल तसा एक, दोन, तीन असे झेंडे चढतात, हाताने फिरवायचा भोंगा वाजतो. ओडिशाने १९९९ नंतर हाच रस्ता धरला. आज तिथे आठशेहून अधिक निवारे आहेत.

“निवाऱ्याने जीव वाचेल, शेत कसे वाचेल?” हा प्रश्न शेतकऱ्याचा आहे आणि त्याला उत्तर देणे भाग आहे. बांध हवाच, पण शेताचे कुंपण म्हणून. जिवाची हमी म्हणून नव्हे. १९९७ साली बांगलादेशात खुलना-जशोरकडच्या भायना बिलात, म्हणजे सखल पाणथळ भागात, पाणी तुंबून हैराण झालेल्या लोकांनी आपणच बांध कापला. भरती आत आली, गाळ बसला, सखल जमीन वर आली. म्हणजे शेतालाही शेवटी उंचीच लागते, आणि ती नदीच देते, तिला आत येऊ दिले तर. बांधाच्या पुढे कांदळवनही हवे. १९९९ च्या वादळात ओडिशातल्या केंद्रापाडा जिल्ह्यात ज्या गावांपुढे कांदळवनाचा पट्टा रुंद होता तिथे मृत्यू कमी झाले. मात्र त्याच अभ्यासाने हेही दाखवले की वेळेवर मिळालेल्या सूचनेने त्याहून जास्त जीव वाचवले. एका उपायाचा झेंडा घेऊन दुसऱ्याला नाकारण्यात अर्थ नाही. क्रम मात्र ठरवावा लागतो: आधी उंची आणि निरोप, मग वन, मग बांध.

“पण हे सगळे बंगालच्या उपसागराचे, आपला समुद्र तसा नाही,” असे कोकणात कोणी म्हणेल. पण जून १९९८ मध्ये चक्रीवादळाने कच्छच्या उथळ आखातात पाणी चढले. कांडल्याच्या मिठागरांतले मजूर त्यात गेले. सरकारी आकडाच हजारावर होता. तो अरबी समुद्र आपलाच. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूला येऊन धडकले. रायगडच्या खारभूमीचे बांध कसे फुटतात आणि खारे पाणी शिरलेले शेत किती वर्षे रुसून बसते, हे तिथल्या शेतकऱ्याला शिकवायला नको.

म्हणून पुढच्या ग्रामसभेत बांधाच्या निधीचा ठराव होण्याआधी चार प्रश्न विचारले जावेत. आपल्या गावात सहा मीटर पाण्याच्या वर राहील असा पक्का मजला कोणता? तिथे बाईला रात्र काढता येईल का? गुरे कुठे बांधायची? आणि त्या मजल्याची किल्ली अपरात्री कोणाच्या घरी असते? चारांची उत्तरे मिळेपर्यंत त्या गावातल्या म्हातारीच्या वाट्याला आजही झाडच आहे.